सीटवाल्या वहिनींची उंच गाडी

सगळा बाजार त्यांना वहिनी म्हणायचा. सख्खा दीर एकच, पण त्याच्या यार्डातल्या मेकॅनिकपासून समोरच्या टायरवाल्यापर्यंत सगळ्यांनी ते नातं फुकटात उचललं होतं. वहिनींनी कधी हरकत घेतली नाही. नावानं हाक मारली की बाई कामाचे पैसे मागते, वहिनी म्हटलं की बिचारी चहा विचारते. हे बाजाराला बरोबर ठाऊक असतं.

वहिनी जुन्या गाड्यांच्या सीट शिवायच्या. पुलाखाली जुन्या गाड्यांची यार्डं ओळीनं होती, त्यातलं चौथं भाऊजींचं, म्हणजे त्यांच्या धाकट्या दिराचं. त्याच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड. तिथं जाड रेक्झिन शिवणारं मशीन, फोमचे तुकडे, कात्र्या, खडू आणि वाऱ्यापेक्षा आवाज जास्त करणारा एक पंखा. चौदा वर्षं त्या शेडमध्ये गेली होती. टाका असा, की कंपनीतून आलेली सीट कुठली आणि वहिनींची कुठली हे कंपनीच्या माणसालाही सांगता येऊ नये.

ह्या कामात काय असतं ते सांगायलाच हवं, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं, फाटलं की शिवायचं. तसं नसतं. यार्डात गाडी येते ती दीड लाख किलोमीटर पळालेली. मग एक माणूस लॅपटॉप घेऊन येतो, दहा मिनिटं तारा जोडून बसतो आणि मीटर साठ हजारांवर येतं. मीटरचं तोंड असं बंद झालं, पण सीटचं कसं करणार? ड्रायव्हर रोज ज्या कडेवरून घसरून आत बसतो ती कड झिजलेली असते, फोम खचलेला असतो, आणि तो बघणाऱ्याला सगळं सांगून मोकळा होतो. त्या सीटला मीटरच्या हो ला हो मिळवायला लावायचं, हे वहिनींचं काम. पार नवीकोरी करायची नाही, संशय येतो. साठ हजारांची वाटली पाहिजे, बस्स. त्यासाठी वहिनी नवं रेक्झिन मेणाच्या फडक्यानं घासून घासून थोडं म्हातारं करायच्या. भाऊजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या वहिनींच्या हातात जादू आहे."

ह्याचं त्यांना मनातून वाईट वाटायचं असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण ते खोटं होईल. नाही वाटायचं. गाडी कोण घेतंय, कुठं नेतंय, हे शेडमधून दिसत नसे. दिसायची ती सीट. सीट नीट झाली की वहिनी खूश, आणि संध्याकाळी घरी.

घरी दादा होते. दादा म्हणजे वहिनींचे यजमान. भाऊजी दादा म्हणायचे म्हणून सगळेच म्हणायचे. कारखान्यात टर्नर. लेथवर एकतीस वर्षं उभं राहून काढलेली, आणि केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका फरक पडला तरी तुकडा फेकून देणारा माणूस. घरातसुद्धा तसाच. भिंतीवरचं घड्याळ एक मिनिट मागं गेलं तरी खुर्ची ओढून वर चढायचे. पुढं दोन्ही खुबे गेले. दोन्ही बदलले. एक चांगला बसला, दुसऱ्यानं आठ महिने घरात बसवलं. ह्या आठ महिन्यांत दादांनी घरातली प्रत्येक बिजागरी तेल घालून गप्प केली होती आणि आता तेल घालायला काही उरलं नव्हतं. एवढा ताठ माणूस दुपारी खिडकीशी बसून शेजारच्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा मोजायचा.

मग कारखान्याचं पत्र आलं. तपासणीच्या टेबलावर बसून करायचं काम आहे, पगार कमी आहे, पण एक तारखेला हजर झालात तर जागा तुमची, नाहीतर दुसऱ्याची. दादांनी ते पत्र दिवसातून चारदा वाचलं. काम बसून करायचं होतं, पण कारखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. कंपनीच्या बसची पायरी कमरेएवढी. टॅक्सी जमिनीला टेकलेल्या. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, बसताना गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे खाली बुडायचं नाही आणि वर चढायचंही नाही. मधली गाडी हवी, शोरूमवाले जिला क्रॉसओव्हर म्हणतात आणि बाजार जिला नुसतं उंच गाडी म्हणतो. वहिनींनी दादांना खुर्चीवर, पलंगावर, उशा घातलेल्या स्टुलावर बसवून टेपनं माप घेतलं. सीट जमिनीपासून पंचवीस इंचांवर पाहिजे, इंचभर इकडेतिकडे. चालवायला वहिनी होत्याच. यार्डात गाड्या मागेपुढे करता करता त्या कधीच शिकल्या होत्या. नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. ऑपरेशनमधून जे वाचलं होतं त्यात जुनी आली असती, तीही घासाघीस करून.

कुठून घ्यायची, हा प्रश्न दादांना पडलाच नाही.

"धाकट्याचं यार्ड असताना विचार कसला करायचा?" ते म्हणाले. "चांगली बघून देईल तो."

धाकटा म्हणजे दादांचा हळवा कोपरा. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. दादांनी दोन-दोन पाळ्या करून त्याला शिकवलं, यार्ड टाकलं तेव्हा सुट्टीच्या दिवशी कारखान्यात जाऊन फाटकाच्या बिजागऱ्या स्वतः कातल्या. जगात एका माणसानं तरी आपल्याला फसवलं नाही, ह्या समाधानावर दादा जगत होते. वहिनींना हे माहीत होतं, आणि यार्डात काय चालतं हेही माहीत होतं. चौदा वर्षं ह्या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींना भेटू दिल्या नव्हत्या.

"बघू," वहिनी म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून पर्समध्ये टेप टाकून गाड्या बघायला निघाल्या. दादांना सांगितलं, जास्तीचं काम आलंय.

आधी काचेच्या मोठ्या शोरूममध्ये गेल्या. तिथं पाणी विचारलं, खुर्ची दिली, आणि टाय लावलेल्या माणसानं हातातल्या टॅबलेटच्या काचेवर बोट फिरवत सांगितलं, "मॅडम, ह्या गाडीच्या दोनशे तपासण्या झाल्यात." वहिनींनी दोनशे एकावी केली. सीटचा पट्टा धरून पार शेवटपर्यंत बाहेर ओढला. आतला अर्धा पट्टा मातकट, आणि वर पुराचं पाणी थांबावं तशी बोटभर रुंदीची तपकिरी रेघ.

"हे काय?"

"कॉफी सांडली असेल, मॅडम."

"खांद्यापर्यंत कॉफी? पोहत होते का मालक?"

तो माणूस हसला नाही. त्याला हसायचं की नाही हे काचेवर लिहिलेलं नव्हतं.

मग इंटरनेटवरच्या जाहिराती. तीन जाहिराती होत्या, तीन निरनिराळे मालक, तिघांचेही आजोबा आजारी, म्हणून गाडी घाईनं विकायची. फोन केल्यावर तिघांचा आवाज एकच. चौथी जाहिरात दिसली तेव्हा फोन लावून वहिनींनीच विचारलं, "आजोबा कसे आहेत?" त्यानं फोन ठेवून दिला. त्यानंतर लिलाव. अपघातात सापडलेल्या गाड्या विमा कंपनीकडून ओळीनं विकायला आलेल्या. दार उघडायचं नाही, सुरू करायची नाही, बाहेरून बघायचं आणि बोली लावायची. बोली लावणारे सगळे पुलाखालचेच ओळखीचे चेहरे. "वहिनी, तुम्ही इथं?" म्हणून दोघांनी विचारलं तेव्हा वहिनी सटकल्या. बाजारातली बाकीची यार्डं बघायची गरजच नव्हती. तिथल्या सीटचा टाका बघूनच कारागीर कोण ते कळत होतं, आणि कारागीर कळला की गाडी कळत होती. पंधरा दिवसांत वहिनींचे पाय सुजले. आणि एक गंमत अशी झाली, गंमत म्हणायची तर, की जो तो आपल्याला फसवायला बघतोय ह्याचा त्यांना खराखुरा संताप आला. ही माणसं रात्री झोपतात कशी, असं त्या बसमध्ये उभ्या राहून स्वतःशी म्हणाल्या, आणि त्यात काही चुकतंय असं त्यांच्या मनाला शिवलंही नाही.

गाडी सापडली ती भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंकडे. बाई निवृत्त झाल्या होत्या, डोळ्यांनी धोका दिला म्हणून गाडी काढत होत्या. दवाखान्याच्या फलकावर हातानं लिहिलेला कागद लावला होता. गाडी अंगणात उभी होती, उजवं दार खरवडलेलं.

"फाटकाच्या खांबाला मीच घासलीय," बाई पहिल्या वाक्यालाच म्हणाल्या. मग चष्मा लावून वहीतून वाचायला लागल्या. मागची डावी काच अडकते. थंड हवा उशिरा येते. मागच्या वर्षी पंप बदलला. चढावर दुसऱ्या गियरमध्ये कुरकुरते. विकणारा माणूस आपल्याच मालाची तक्रार सांगतोय, हे वहिनी पहिल्यांदा ऐकत होत्या.

मीटर एक्काहत्तर हजार. वहिनींनी ड्रायव्हरच्या सीटच्या कडेवरून हात फिरवला. कड झिजली होती. बरोबर एक्काहत्तर हजारांइतकी. फोम तेवढाच बसला होता. टाके कारखान्यातले, एकाही टाक्याला कुणी हात लावलेला नाही. खालचे स्क्रू कोरडे, चकचकीत. वहिनींनी टेप लावली, पंचवीस इंच आणि वर दोन सूत. त्या सीटवर तशाच बसून राहिल्या आणि डोळ्यांत पाणी आलं. चौदा वर्षांत एक खरी सीट हाताला लागली होती.

"बरं नाही वाटत का?" बाईंनी विचारलं.

"नाही हो. गाडी चांगली आहे."

"पण मी काय काय सांगितलं ते ऐकलंत ना?"

किंमत जेमतेम आवाक्यात होती. बाई म्हणाल्या, रविवारपर्यंत दुसऱ्या कुणाला दाखवत नाही.

शनिवारी दुपारी भाऊजी घरी आले. बाजारात गोष्ट लपत नाही, लिलावातल्या दोघांनी तोंड उघडलं असणारच. फळांची पिशवी ठेवली, दादांच्या पाया पडले, आणि खिशातून किल्ली काढून दादांच्या हातात ठेवली.

"दादा, तुझी गाडी. उंच. रुपेरी. घेतल्या भावात देतोय, वर काही नको. वहिनी बाहेर पायपीट करतायत म्हणे. मला सांगायचं नाही का? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

दादांनी किल्ली हातात घेतली. अंगठ्यानं तिच्या दात्यांवरून फिरवत राहिले, तुकडा तपासावा तसे. चेहरा असा झाला होता की वहिनींना त्याकडे बघवेना.

"कशी आहे गाडी?" दादांनी विचारलं.

"वहिनींनाच विचार," भाऊजी म्हणाले. "सीट त्यांनीच केल्यात."

दोघंही वहिनींकडे बघायला लागले. वहिनींना ती गाडी आठवायला वेळ लागला नाही. तीनच आठवडे झाले होते. सीट उलटी केल्यावर फोममधून गाळ निघाला होता, भाकरीच्या पिठासारखा मऊ. तो त्यांनी बादली भरून काढला होता. खालच्या तारांवर हिरवट बुरशी होती आणि ब्रेकचा कॉम्प्युटर असतो ती पेटी पाण्यात बुडून निघाली होती.

"सीट चांगल्या झाल्यात," वहिनी म्हणाल्या.

"मग झालं तर," दादा म्हणाले, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

भाऊजी निघाले तशा वहिनी त्यांच्यामागं रस्त्यापर्यंत गेल्या.

"भाऊजी, ती गाडी पुरातली आहे."

"वाळवली ना? तुम्हीच वाळवलीत."

"ब्रेकची पेटी पाण्यात होती."

"होती. आता चालतेय."

"आणि रस्त्यात बंद पडली तर? सख्खा भाऊ आहे तुमचा!"

भाऊजींना राग आला नाही, हेच वाईट. ते वहिनींकडे थोडे नवलानं बघत राहिले. "वहिनी, दोन महिने पैसे अडकलेत माझे तिच्यात. दादाला द्यायला माझ्याकडे ह्या भावात दुसरी नाही, चांगल्या गाडीला गिऱ्हाईक चांगले पैसे देतं. आणि आजवर एवढ्या गाड्या गेल्या, तुम्ही कधी असं विचारलं नाहीत." मग मोटारसायकलवर बसता बसता म्हणाले, "दादाला सांगायचं असेल तर सांगा. पण सांगाल तर सगळं सांगा."

वहिनी घरात आल्या. दादा किल्ली समोर ठेवून कारखान्याचं पत्र वाचत होते. आता मूग गिळून बसावं तर ह्या माणसाला त्या गाडीत बसवून शहराच्या टोकापर्यंत रोज न्यायचं. बोलावं तर त्याचा धाकटा त्याच्याकडून काढून घ्यायचा. वहिनींनी पदर खोचला, समोर बसल्या आणि सांगितलं. गाळ सांगितला, पेटी सांगितली. एकदा तोंड उघडल्यावर मीटरही सांगितलं, लॅपटॉपवाला सांगितला, मेणाचं फडकंही सांगितलं. आपल्याला वाटत होतं त्यापेक्षा हे सगळं फार थोड्या वेळात सांगून होतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

दादा धाकट्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. पत्र बाजूला ठेवून म्हणाले, "किती?"

"काय किती?"

"अशा किती केल्यास?"

वहिनींनी मनात मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली.

"चौदा वर्षं," दादा म्हणाले. "आणि आज सांगतेस. आधी कधी सांगावंसं वाटलं नाही?"

"आधीच्या गाड्यांत तुम्ही बसणार नव्हता ना!"

वाक्य तोंडातून गेलं. त्यांना ते प्रेमानं म्हणायचं होतं, आणि होतंही ते प्रेमाचंच. पण बोलून झाल्यावर त्यांनी स्वतः ते ऐकलं, आणि तोंडावर हात ठेवला. दादा त्यांच्याकडे बघत होते. एकतीस वर्षं जो माणूस खोटा तुकडा हातात आला की न बोलता डब्यात टाकायचा, त्याला आता हातातलं काय टाकावं ते कळत नव्हतं. भाऊ टाकावा, की बायको, की ज्यांचा निम्मा पैसा तिच्या शिवणकामातून आला ते हे दोन खुबे?

शेवटी त्यांनी फोन मागितला. वहिनींनी तो दिला. आता धाकट्याला झाडतील, चौदा वर्षांचं उट्टं एका दमात काढतील, शेड जाईल, मशीन जाईल. जाऊ दे, असंही त्यांना एक क्षण वाटलं. सुटल्यासारखंच वाटलं.

"हां, मी बोलतोय," दादा म्हणाले. "ती गाडी नको रे. तसं काही नाही. रंग नाही आवडला. रुपेरी मळतो लवकर." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही नाही, तुझ्या वहिनीनं कौतुकच केलं. मलाच रंग नको."

फोन ठेवून ते भिंतीकडे बघत बसले. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच खोटं बोलले होते, आणि बेमालूम बोलले होते.

रविवारी बाईंची गाडी घेतली. बाईंनी वहीचं पान फाडून बरोबर दिलं. भाऊजींनी मोठ्या मनानं काही विचारलं नाही, उलट बाजारात सांगितलं की दादाची गाडी मीच शोधून दिली. वहिनींनी सोमवारी शेडमध्ये जाऊन पंखा लावला. न जाऊन करणार काय? कारखान्याच्या नव्या पगारात घर चाललं नसतं. दादांनी पत्रातला तो आकडा पुन्हा एकदा वाचला होता, पत्राची घडी घातली होती, आणि काम सोड असं काही म्हटलं नव्हतं. ते म्हणतील म्हणून वहिनी दोन दिवस वाट बघत होत्या.

एक तारखेला सकाळी दादा इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत बसले. पंचवीस इंच म्हणजे पंचवीस इंच, गुडघा कुठं अडला नाही. रस्ताभर दोघं चढावरची दुसऱ्या गियरची कुरकुर ऐकत होते. फाटकाशी गाडी थांबली. दादांनी दार उघडलं, काठी बाहेर टेकवली आणि तसेच थांबले.

"ती रुपेरी गेली का?"

"गेली. परवा."

"कुणी घेतली?"

"मी विचारलं नाही," वहिनी म्हणाल्या.

"बरं केलंस," दादा म्हणाले. काठी टेकत, पाय सावरत, ते फाटकातून आत गेले. दिवसभर त्यांना दुसऱ्यांनी केलेले तुकडे तपासायचे होते.

वहिनींनी विचारलं नव्हतं, हे खरंच होतं. विचारायची वेळच आली नाही. घेणारं जोडपं बाळाला घेऊनच आलं होतं, आणि मागच्या सीटवर त्याची छोटी खुर्ची पट्ट्यांनी बांधून द्यायला भाऊजींनी शेडमधून वहिनींनाच हाक मारली होती. वहिनींनी ती बांधून दिली होती. हलवून बघितली, आणि ढिली वाटली म्हणून पुन्हा सोडून घट्ट बांधली होती.